होडीतलं वजन

...आणि वर म्हणतात, दोन मिनिटांत आटपा! दोन मिनिटांत काय सांगणार हो? मुठाई शिडनौका मंडळाच्या बातम्या आणि आगामी कार्यक्रम, दोन मिनिटांत? नारायण पेठेतल्या माणसाचा दोन मिनिटांत नुसता घसा खाकरून होतो! बरं, सुनीतीबाई मंडळाच्या चिटणीस, माइक त्यांच्या हातात, सांगाव्यात की नाही त्यांनीच? तर नाही. 'बाळकाका, तुम्हाला नाहीतरी बोलायला आवडतं, तुम्ही बोला, आम्ही तोवर चहाचं बघतो.' म्हणजे माझी किंमत किती, तर चहाला उकळी येईपर्यंत. उकळी आली की उतरा खाली. असो. आपल्याला काय, आपण वजन!

हसताय काय? नवीन सभासद बसलेत पुढे, त्यांना वाटेल म्हातारा विनोद करतोय. अहो विनोद नाही, हुद्दा आहे तो माझा. तुम्हाला सांगतो, आपली ही डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी, हिच्यात माणसं दोन. एक मागे बसतं, सुकाणू धरतं, वारा कुठून येतोय ते बघतं, शीड किती ओढायचं, किती सोडायचं ते ठरवतं... थोडक्यात, होडी तेच चालवतं. आणि दुसरं? दुसरं काठावर बसतं. वाऱ्यानं होडी डावीकडे कलली की यानं उजव्या काठावरून पाठ बाहेर टाकायची आणि पाण्यावर आडवं व्हायचं, होडी सरळ झाली की मुकाट आत यायचं. पुस्तकात त्याला क्रू म्हणतात. पुढचं लहान शीडसुद्धा खरं म्हणजे त्यानंच सांभाळायचं असतं, पण आमच्या होडीत ते काम पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेण्यात आलं. उरलं काय? वजन. 'अहो वजन, इकडे सरका.' 'अहो वजन, वाका.' भर धरणात, चार लोकांत, असं!

हे म्हणणारं माणूस म्हणजे आमची वासंती. ती काय, तिसऱ्या रांगेत, चष्म्याला दोरी बांधलेली. मुलींच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झाली. आता निवृत्त झाल्यावर बायका काय करतात? भिशी लावतात, स्तोत्रांच्या वर्गाला जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. आम्हाला सून नाही, त्यामुळे हिनं वाऱ्यात लक्ष घातलं. एक दिवस उठली, स्कूटर काढायला लावली, खडकवासल्याला गेली आणि सभासद होऊन आली. मी म्हटलं, अगं, मी काय करू? म्हणाली, 'टेलिफोन खात्यातून सुटल्यापासून तुम्ही जे करताय तेच करा. बसा. फक्त इथे न बसता तिथे बसा. अठ्ठ्याहत्तर किलो आहात, उपयोगी पडाल.' संसारात पहिल्यांदा मी उपयोगी पडणार होतो. गेलो!

आणि दोन मोसम झकास गेले हो. खोटं कशाला बोला. पण दैव देतं आणि कर्म नेतं. झालं काय, माझे गुडघे बोलायला लागले. जिना चढताना एक बोले, उतरताना दुसरा. डॉक्टर म्हणाले, 'थोडं वजन कमी करा. भात, साखर, तळलेलं बंद.' आता डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात! आपण 'हो' म्हणायचं आणि येताना बेकरीत शिरायचं, अशी पद्धत आहे. पण बरोबर ही होती. मास्तरीणबाई! डॉक्टरांचं बोलणं हिनं अभ्यासक्रम म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दोडका. तिसऱ्या दिवशी दुधी. चौथ्या दिवशी पडवळ. पाचव्या दिवशी मी विचारलं, आज काय? म्हणाली, 'उजळणी.' म्हणजे दोडका!

पाडव्याला सुरुवात झाली, ज्येष्ठात मी सहासष्टावर आलो. पँट कमरेला धरून चालायचो. पेठेतली माणसं आवाज खाली आणून विचारायची, 'काय बाळासाहेब, बरं आहे ना सगळं?' आमच्या समोरचे एक गृहस्थ तर मोसंबी घेऊन भेटायला आले, अर्धा तास गप्प बसून राहिले आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'धीर सोडू नका.' अहो, दोडका खाल्ला होता मी, दोडका!

तर ज्येष्ठातलीच ती गोष्ट. सरावाला निघालो, मधोमध आलो आणि सिंहगडाच्या अंगानं जो वारा सुटला... ही म्हणाली, 'वाका!' मी वाकलो. होडी सरळ होईना. 'आणखी!' आणखी वाकलो. आता माझा मी अख्खा होडीबाहेर, आत फक्त पावलं, तीसुद्धा पट्ट्यात अडकलेली म्हणून. 'अहो, वाका ना!' अगं, आता वाकायला माझ्यातलं काही शिल्लक नाही! त्या वाऱ्याला मी आहे की गेलो याचं काही सोयरसुतक नव्हतं. शीड सावकाश आडवं झालं, पाण्याला टेकलं आणि आम्ही दोघं धरणात. पुण्याच्या पिण्याच्या पाण्यात! लाइफ जॅकेट होतं, तरंगलो. ही माझ्यासमोर वर आली, चष्मा दोरीला लोंबतोय, केसांतून पाणी गळतंय, आणि पहिला प्रश्न काय विचारावा बायकोनं? लागलं का? नाही. घाबरलात का? नाही. 'अहो, हल्ली तुमचं किती भरतं?'

घरी आल्यावर ओटा पुसून घेतला आणि मला शिकवणी. फूटपट्टी ठेवली पेन्सिलीवर आडवी. एका टोकाला चहाचा डबा. 'हा वारा.' दुसऱ्या टोकाला दालचिनीचा तुकडा. 'हे तुम्ही.' फूटपट्टी धाडकन पडली, दालचिनी उडून सिंकमध्ये. 'कळलं?' कळलं. कळायचं काय राहिलंय त्यात? मग पदर खोचत, अगदी सहज, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगते म्हणावं तशा आवाजात म्हणाली, 'नारळी पौर्णिमेनंतरच्या शर्यतीला मी मच्छिंद्रला विचारणार आहे.'

मच्छिंद्र! तो बघा, दाराशी उभा आहे, दार दिसत नाहीये ना? तोच. मांजरी गावचा, घरचा ऊस, गुऱ्हाळ घरचं. विहिरीत पोहायला शिकलेला, अंगापिंडानं असा की होडीत पाय ठेवला की होडी विचार करते. माणूस सोन्यासारखा. तो स्वतः माझ्याकडे येऊन म्हणाला, 'काका, माझं काय नाय. बाई म्हनल्या बसा, तर बसीन. तुमी म्हनला नको, तर ऱ्हायलं.' आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी म्हटलं, छे छे, बस ना. आपल्याला काय, आपण वजन! आपण गेलो, दुसरं आलं.

असं म्हटलं खरं. पण वाईट वाटलं हो. लपवायचं कशाला, चांगलंच वाईट वाटलं. तुम्हाला सांगतो, ही होडीत वेगळी असते. घरी आमचं बोलणं काय? गॅसचा नंबर लावला का, नळ गेला का, कडी लावली का. संपलं. पण शिडात वारा भरला ना, की ही हसते. एकटीच, मोठ्यांदा. छत पाडायच्या बेताचं हसणं, वर्गात बाईंना कधी हसता आलं नाही ते सगळं साठवलेलं असावं. आणि ते हसणं ऐकायला पाण्यावर दुसरं कोणी नसतं. मी असतो. पाठ पाण्याला टेकलेली, तोंड आभाळाकडे, आणि कानावर ते. आता ते मच्छिंद्रनं ऐकायचं? ऊस आहे त्याच्याकडे, जमीन आहे, गुऱ्हाळ आहे, त्याला आणखी हे कशाला?

म्हणून मी गेलो हिच्याकडे. अर्ज केल्यासारखा उभा राहिलो. म्हटलं, मला एक संधी दे. हिनं डोळे मिटून हिशेब केला. बोटं हवेत. म्हणाली, 'श्रावणातल्या वाऱ्याला बहात्तर लागतील. बहात्तर भरलात तर तुम्ही. नाहीतर मच्छिंद्र. आणि डॉक्टरांचे नियम मोडायचे नाहीत.' म्हणजे बघा, वजन वाढवायचं, पण भात नाही, साखर नाही, तळण नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दोडक्यावर माणूस वाढतो का? दोडकासुद्धा दोडक्यावर वाढत नसेल.

पण मीही पेठेतच वाढलोय. डॉक्टरांचे नियम मनातल्या मनात तपासले. भात म्हणालेत. साबुदाणा म्हणालेत का? नाही! वरीचे तांदूळ? शब्द नाही. शेंगदाणे, रताळी, खजूर, तूप? डॉक्टर गप्प. मी ताबडतोब चातुर्मास धरला. हिला म्हटलं, अगं, यंदा आषाढीपासून उपवास करावेत म्हणतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी आणि मध्ये एखादा मोकळा वार पडला तर मारुतीचा. ही माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात देवाला कधी हात नीट जोडला नाही या माणसानं! पण नियम म्हणजे नियम. म्हणाली, 'बसतंय नियमात.' आणि मग काय सांगू... एकादशी अन् दुप्पट खाशी! सकाळी खिचडी, दुपारी दाण्याची आमटी आणि वरी, चारला तुपातलं रताळं, रात्री खजूर घातलेलं दूध. आठवड्यातून एखाददिवशी उपवास नसला की मी खंगायचो. शेजारचे ते मोसंबीवाले गृहस्थ जिन्यात भेटले, म्हणाले, 'सुधारलात!' म्हटलं, सगळी त्याची कृपा.

आता परीक्षा म्हटली की काटा आला. घरचा काटा चालणार नाही, त्याच्यावर पाय बदलला की किलो बदलतो. स्टेशनवरचं यंत्र चालणार नाही, ते वजनाबरोबर भविष्य सांगतं आणि दोन्ही सारखंच खरं असतं. ही म्हणाली, 'व्यापारी काटा पाहिजे.' मच्छिंद्र म्हणाला, 'मंग मार्केट यार्डात चला की! आपला गूळ जातो तिथल्या काट्यावर बघू.' म्हणजे ज्याच्या जागेसाठी भांडायचं, त्याच्याच जीपमधून, त्याच्याच ओळखीच्या गाळ्यावर, त्याच्याच गुळाच्या काट्यावर! गेलो. गुलटेकडीला सकाळची गर्दी, गुळाच्या ढेपा रचलेल्या, माशा, हमालांची ये-जा, आणि काट्यापाशी तोलणार गेनबा. हा सकाळपासून ढेपा तोलतोय, मान वर नाही. मच्छिंद्र म्हणाला, 'गेनबा, हे आमचं काका, जरा घे.' गेनबानं बघितलंसुद्धा नाही. मी चढलो. काटा हलला, थरथरला, थांबला. गेनबा ओरडला, 'बाहत्तार!'

अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहात्तर! आणि तेवढ्यात हा गृहस्थ त्याच सुरात पुढे, 'बारदान वजा येक... एकाहत्तार! पुढचं घ्या!'

बारदान! म्हणजे गोणपाट! गुळाच्या ढेपेला गोणपाट असतं, त्याचं वजन कापतात, जन्मभर कापत आलाय, माझंही कापलं! मी काट्यावरूनच ओरडलो, अहो, मी काय गोणपाटात आलोय? गेनबानं आता पहिल्यांदा मान वर केली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. शर्टाला हात लावून म्हणाला, 'मंग हे काय हाय मालक? मालाच्या अंगावर जे काय आसंल ते बारदान.' माल! आणि आमची ही मागे उभी, तोंडानं पुटपुटतेय, 'एकाहत्तर... एक कमी...' अगं, तू त्याचं ऐकतेस? 'अहो, त्याचं तत्त्व बरोबर आहे. निव्वळ वजन धरायला हवं.'

मग माझंही डोकं फिरलं. काढला शर्ट. गुळाच्या बाजारात, भर सकाळी, बनियनवर, काट्यावर उभा! हमाल थांबले. एक आडत्या गल्ला सोडून बाहेर आला. 'अहो!' हिचा आवाज. शर्ट काढल्यावर काट्यानं तरी माझी बाजू घ्यावी की नाही? तो अंमळ खालीच सरकला, आणि गेनबा शांतपणे, 'बनेन हाय आजून.' आता पुढे काय काय काढायला लावतो या भीतीनं मला एकदम वाचा फुटली. म्हटलं, वासंती, होडीत मी कसा बसणार आहे? बारदानासकट की बारदानाशिवाय? हिची बोटं हवेत गेली. म्हटलं, आणि तिथे तर ते ओलं असणार. ओल्या शर्टाचं वजन कोरड्यापेक्षा जास्त की कमी? बाई, तुम्हीच शिकवलंत की नाही पोरींना? तिनं माझ्याकडे असं बघितलं... मागच्या बाकावरच्या मुलीनं अचानक बरोबर उत्तर द्यावं तसं. म्हणाली, 'बारदानासकट धरू. पास.'

मच्छिंद्रला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यानं मला काट्यावरून उचलून खाली ठेवलं. गेनबानं गुळाचा एक खडा फोडून हिच्या हातावर ठेवला, 'बाई, चांगल्या मालाची घ्या चव.' हिनं तो रुमालात बांधला. मला? मला साधं विचारलंसुद्धा नाही. आपल्याला काय, आपण वजन! तोललं की झालं.

आता बातम्यांकडे येतो, सुनीतीबाई, हातवारे करू नका, ही बातमीच चालू आहे. गेल्या रविवारी आपली वार्षिक शर्यत झाली. झाली म्हणा किंवा नाही म्हणा, तोच तर वाद आहे. सुरुवातीला नारळ. धरणात नारळ सोडायचा आपला रिवाज, आणि पंच श्यामसुंदरपंतांची त्याला दरवर्षी हरकत, 'पिण्याचं पाणी आहे.' मग दरवर्षीप्रमाणे नारळ दोरीला बांधून सोडला, पूजा झाली आणि ओढून परत घेतला. वरुणराजाला नारळ दाखवला, दिला नाही. आता तुम्ही म्हणाल, देवाचा कोप कोप म्हणतात तो हाच काय? मला माहीत नाही. मी सांगतो ते एवढंच की शिट्टी झाली, सगळ्या होड्या निघाल्या, मधल्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत वळलो, आणि वारा पडला. संपला! श्रावणात! ज्या वाऱ्यासाठी मी दीड महिना शेंगदाणे खाल्ले, तो वारा मला बघून घरी गेला!

शिडं लुळी. पाणी ताटासारखं. ही म्हणाली, 'आता हलायचं नाही. जरासुद्धा नाही. हललात तर आहे ती गती जाईल.' ठीक. 'आणि बोलायचं नाही.' अगं, बोलण्यानं काय गती जाते? 'तुम्ही बोलताना हातवारे करता.' झालं! तोंडाला कुलूप. बाकीच्या होड्यांतून थोड्या वेळानं गप्पा सुरू झाल्या, मग कुरबुर, मग जेवणाची आठवण, आणि मग मच्छिंद्र मोटारबोट घेऊन आला. कुठल्याच होडीत त्याला जागा नव्हती, म्हणून त्याला दोर टाकून ओढायचं काम. नियम असा की दोर घेतला की शर्यतीतून बाद. एक एक करून सगळ्यांनी घेतला. साडेबाराची वेळ, घरी वरणभात वाट बघतोय, कोण राहतंय? शेवटी आमच्यापाशी आला. 'बाई, टाकू दोर?' 'नको.' 'काका, तुमचं काय म्हननं हाय?' मी तोंड उघडलं. हिनं बघितलं. मी मिटलं. आपल्याला काय, आपण वजन. वजनाला कोणी मत विचारतं का?

तो गेला. सगळ्या धरणात आम्ही दोघं. ऊन, डोक्यावर एक घार, आणि काही नाही. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मी खरोखर बोललो नाही हो! तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नाही. आणि मग बऱ्याच वेळानं ही स्वतःच बोलली. म्हणाली, 'तुम्ही गप्प बसलात की बरे दिसता.' मी हललो नाही. मग तिनं कमरेचा रुमाल काढला, दातांनी गाठ सोडली, त्यातला गुळाचा खडा सुकाणूवर आपटून फोडला आणि हात लांब करून अर्धा माझ्या तोंडात घातला. मी डोळ्यांनीच विचारलं, नियम? 'डॉक्टर साखर म्हणालेत,' ती म्हणाली, 'गुळाबद्दल बोलले नाहीत.' आणि हसली. वारा नसताना हसली! दोन मोसम मी समजत होतो ते हसणं वाऱ्यामुळे आहे.

हां... चहा झाला? येतोय. थोडंच राहिलंय.

मग कुठूनशी एक झुळूक आली. पाण्यावर अशी शिरशिरी, बस. तेवढ्यावर आमची होडी सरकत, थांबत, सरकत किनाऱ्याच्या रेषेपाशी आली आणि पार झाली. पहिला नंबर! पहिला, शेवटचा, मधला, सगळे नंबर आमचेच, दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आम्ही शिट्टीची वाट बघतोय. शिट्टी वाजेना. बघतो तर पंचांच्या टेबलावर निशाणाची घडी, घडीवर दगड आणि खुर्ची रिकामी. श्यामसुंदरपंत एक वाजता जेवायला गेले होते! जेवले, वामकुक्षी झाली, चारला परत आले. आम्ही तिथेच उभे, उन्हात. ही म्हणाली, 'अहो, आम्ही शर्यत जिंकलो.' पंत कोर्टात शिरस्तेदार होते, बोलणं सगळं शिक्का मारल्यासारखं. म्हणाले, 'असेल. मी पाहिलं नाही.' मच्छिंद्र म्हणाला, 'म्या बघितलं की!' 'आपण पंच नाही.' 'पन पंच हितं नव्हतं!' 'म्हणूनच पाहिलं नाही. पुढे बोला.' आता काय पुढे बोलणार?

तर आज सकाळी समितीची बैठक झाली, आणि ही आता आगामी कार्यक्रमांतली मुख्य बातमी. शर्यत पुन्हा घ्यायची ठरली. आता कधी? पुढचा रविवार गणपतीच्या आधीचा, मखराची गडबड. त्यापुढचा गणपतीतला. मग विसर्जन. मग पितृपंधरवडा, त्यात श्यामसुंदरपंत पाण्यात नारळ सोडूनसुद्धा शिट्टी वाजवणार नाहीत. मग नवरात्र. सरकत सरकत शर्यत गेली दसऱ्यानंतरच्या रविवारी. आणि खडकवासल्याला दसऱ्यानंतर वारा कसा असतो? नसतो! उन्हाचा नुसता तडाखा. आणि वारा नसला की होडीला काय हवं? हलकं माणूस. सुनीतीबाई बैठकीत लगेच म्हणाल्या, मी बाहेर कपबशा मांडत होतो, स्पष्ट ऐकलं, 'वासंतीताई, मग या वेळी मच्छिंद्रची मुलगी शालू घ्या ना, कॉलेजात जाते, पन्नास किलोसुद्धा नाही.' शालूचाही आवाज आला, 'काकू, आय ॲम रेडी हं, मला काही प्रॉब्लेम नाही!'

मी हातातली बशी खाली ठेवली. म्हटलं, झालं. आधी हलका म्हणून काढत होते, आता जड म्हणून. आगीतून फुफाट्यात. आणि बरोबरच आहे तिचं, पदार्थविज्ञान आहे ते, तिथे नवरा बायको काही चालत नाही. मी मनाची तयारी केली. 'आपल्याला काय'पर्यंत आलोसुद्धा.

आतून हिचा आवाज आला. सहज. दूधवाल्याला सांगावं तसा. 'नको. माणूस तोच राहील. वजन उतरवून घेईन.'

...

बाहेर आली आणि मला म्हणाली, 'सहासष्ट. दसऱ्यापर्यंत.' मी विचारलं, बारदान वजा करून? 'बारदानासकट. आणि आजपासून उपवास बंद. एकही नाही. रोज दोन्ही वेळा जेवायचं.' काय जेवायचं ते मी विचारलं नाही. तिच्या पिशवीतून दोडके डोकावत होते. म्हणजे बघा, श्रावणात सगळं पुणं उपाशी होतं तेव्हा मी खाल्लं, आणि आता घरोघरी मोदक व्हायच्या वेळेला मी दोडका. पण मी 'बरं' म्हटलं. इतक्या वर्षांत इतक्या आनंदानं 'बरं' कधी म्हटलं नव्हतं.

हो हो, आलं लक्षात, चहा झाला. बातम्या संपल्या. अल्पोपाहार मागच्या टेबलावर आहे. जिलबी आहे, असं वासावरून वाटतं. मच्छिंद्र, माझ्या वाटची तू घे, नाही, आग्रह नको, ती तिसऱ्या रांगेतून बघतेय. घ्या, तुम्ही सगळे घ्या. आपल्याला काय... आपण वजन. सध्या उतरतीवर.